होसाका-सानच्या खांद्यावरचा हात

ये गं मृणाल, अशी जवळ येऊन बस. लांबून, मोबाइलमध्ये डोकं घालून ऐकायची गोष्ट नाही ही. आणि आधी एक ओरडा खा. गणपतीत इथे टोकियोत, आपल्या हिगाशी-कसाई भागातल्या हॉलमध्ये, हातात मोदकाची डिश घेऊन, चारचौघांत तू विचारलंस, "काकू, तुम्ही म्हणे आफ्रिकेत शिकाऱ्यांबरोबर जायचात? ईऽऽ, कसं करवायचं तुम्हाला?" विचारलंस ते विचारलंस, पण उत्तर ऐकायला थांबलीस का? कावासाकीला घरी जायची गाडी चुकेल म्हणून पळालीस. वर दुसऱ्या दिवशी मेसेज, 'काकू, आपल्या दिवाळी अंकासाठी तुमच्या कामाबद्दल लिहा ना, काहीतरी इंटरेस्टिंग.' म्हणजे हॉलमध्ये ईऽऽ आणि अंकात इंटरेस्टिंग! बरं. लिहून पाठवतेय, पण समोर बसल्यासारखं पूर्ण ऐकायचं, मधे उठायचं नाही.

मी दुभाषी होते, शिकारी नाही. बंदूक कधी चालवली नाही, चालवावीशीही वाटली नाही. आमच्या ह्यांची बँकेची बदली म्हणून टोकियोत आले. जपानी शिकले ती भाजीवाल्याशी वाद घालून आणि टीव्हीवरच्या रडक्या मालिका बघून. मुलगा शाळेत जायला लागल्यावर टोकियोतल्याच कोतो भागात एका लहानशा ऑफिसात बाइतो धरलं, म्हणजे अर्धवेळ काम. पाकिटं चिकटवायची आणि चहा करायचा. ते ऑफिस जपानी शिकाऱ्यांना आफ्रिकेत पाठवतं, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं. एकदा टांझानियाहून फोन आला, साहेब जेवायला गेलेले. मी उचलला आणि माझ्या दादरच्या इंग्रजीत बोलायला लागले. साहेब परत आले तोवर आंघोळीच्या गरम पाण्यापासून परतीच्या विमानापर्यंत सगळं ठरवून झालं होतं. पुढच्या खेपेला त्यांनी मलाच विमानात बसवलं. हे म्हणाले, "तू? जंगलात?" म्हटलं, "का? भात तिथेही शिजतो." शेवटपर्यंत ह्यांचा समज हाच, की मी तिकडे भात करायला जाते. मला काम करताना त्यांनी एकदा पाहायला हवं होतं, एवढी एक रुखरुख आहे.

आता हे काम म्हणजे काय, ते सांगते. तिकडे शिकार चोरून नसते. कोणता प्राणी, कोणत्या भागात, किती, ते तिथलं सरकार ठरवतं आणि सरकारी माणूस बरोबर चालतो. पाहुण्याबरोबर एक मुरलेला गोरा किंवा काळा शिकारी असतो. कुठे जायचं, कोणता प्राणी, कधी गोळी, सगळं त्याच्या शब्दावर. त्याच्या पुढे माग काढणारा. आणि जपानी पाहुणा असला की या सगळ्यांच्या मधे मी. मांस जवळच्या गावात जातं. शिंगं पाहुण्याची. पटलं तर बघ, नाही तर सोड. मी वकिली करायला बसलेली नाही.

गिऱ्हाइकं एकेक नग. एक दातांचे डॉक्टर होते. त्यांनी तंबूबाहेरच्या, तंबूतल्या आणि मोरीतल्या अशा वेगवेगळ्या सपाता आणलेल्या. पहिल्याच सकाळी माकडाने मोरीतली एक पळवली, तर दिवसभर शिकार सोडून सपात शोधत होते. दुसरे एक गृहस्थ कचरा वेगळा करायचे. जळणारा, न जळणारा, बाटल्या, डबे, चार पिशव्या बांधून रोज आचाऱ्याच्या हातात नेऊन द्यायचे, आपल्या इमारतीत गोमीच्या, म्हणजे कचऱ्याच्या, दिवशी आपण देतो तश्शा. आचारी वाकून घ्यायचा आणि त्यांच्यादेखत चारही पिशव्या एकाच खड्ड्यात ओतून काडी लावायचा. त्यांचं तोंड बघवत नव्हतं. मला म्हणाले, "ह्यांना समजावून सांगा." मी आचाऱ्याला सांगितलं, "साहेब म्हणतात, फार छान पेटवतोस." दुभाष्याला थोडं असं करावं लागतं.

पण खरं काम बोलण्याचं नव्हतंच. रानरेड्याच्या जवळ गेल्यावर बोलायचं कसं? कुजबुजलं तरी तो मान वर करतो. शिकारी माझ्या कानात फुंकर घातल्यासारखं बोलायचा, तेवढं चालायचं. मी ते पुढे जपानीत सांगेपर्यंत रेडा पसार. म्हणून मी हाताची भाषा काढली. मी पाहुण्याच्या अगदी मागे उभी राहायचे, उजवा हात त्याच्या खांद्यावर. हात नुसता टेकलेला असला तर थांबा. दोनदा दाबला तर गोळी चालवा. उचलला तर बंदूक खाली. एवढंच. पण ह्या एवढ्याशा गोष्टीमुळे मला एक कळायला लागलं, जे पुढे उभ्या असलेल्या शिकाऱ्याला कधी कळत नाही. माणूस आतून कसा आहे, ते. कोणाचा खांदा दगडासारखा, कोणी श्वासच विसरलेला. काही जण चेहरा अगदी सरदारासारखा ठेवतात आणि खांदा घामाने निथळत असतो.

तर होसाका-सान. पंचाहत्तरीच्या पुढचे, टोकियोजवळच्या चिबाच्या डोंगराकडचे, स्वतःची पर्सिमन नावाच्या फळांची बाग. जन्मभर रानडुकरांची शिकार केलेली. नारिता विमानतळावर मला म्हणाले, "ही माझी शेवटची शिकार. परत आलो की बंदुकीचा परवाना पोलिसांत जमा करणार. शिंगं छोटी मिळाली तरी चालतील. पण आजवर माझ्या हातून कोणतंही जनावर जखमी होऊन डोंगरात गेलेलं नाही. शेवटची गोळीही तशीच जावी."

त्यांना एवढंच हवं होतं. मी म्हटलं, किती साधं मागणं आहे. साधं कसलं!

तिकडे पहिल्या दिवशी पाहुण्याला कागदावर नेम धरायला लावतात. टेबल-खुर्ची मांडून, निवांत. होसाका-सानच्या गोळ्या बरोबर मधोमध. आमचा शिकारी रॉबर्ट, तिथेच जन्मलेला, उन्हाने मान लाल झालेला धिप्पाड गोरा, खूश झाला. "मॅडम, या म्हाताऱ्याची काळजी नाही." मलाही नव्हती. रोज चहा मीच देत होते त्यांना. पेला दोन्ही हातांनी धरून प्यायचे. जपानी माणूस पेला दोन्ही हातांनीच धरतो, त्यात बघण्यासारखं काय?

शिकारीच्या दिवशी पहाटे निघालो. माग काढणारा मुसा पुढे, मग रॉबर्ट, मग होसाका-सान, मग मी, मागे सरकारी माणूस. मुसा मला 'मामा' म्हणायचा. तिकडे मामा म्हणजे आई. पहिल्या खेपेला मी मागे वळून कोणाचा मामा आलाय ते बघितलं होतं. मुसाने वाटेतल्या शेणात बोट घातलं, अजून गरम होतं, म्हणजे रेडे जवळच. मग तो वाकून चालायला लागला आणि आम्ही सगळे त्याच्यामागे वाकून. माझे गुडघे तेव्हाच बोलायला लागले होते, पण गुडघ्यांना कोण विचारतं.

गवताच्या टोकाला काळे डाग दिसले. रानरेडे. आपल्याकडच्या गोठ्यातली म्हैस डोळ्यांपुढे आणू नकोस. तो बघतो ना, तेव्हा आपण काहीतरी मोठा अपराध केलाय असं वाटतं. रॉबर्टने तीन बांबूंचं तिकाटणं उभं केलं. होसाका-सानने उभ्यानेच त्याच्यावर बंदूक ठेवली. मी मागून खांद्यावर हात ठेवला.

आणि माझ्या तळव्याखाली खांदा थरथरत होता.

भीतीने थरथरणं वेगळं असतं, ते येतं आणि जातं. हे जात नव्हतं. शिवणाच्या मशीनवर हात ठेवल्यासारखं सारखं चालू. तेव्हा मला चहाचा पेला आठवला. दोन्ही हातांनी धरलेला.

रॉबर्ट माझ्या कानाशी म्हणाला, "शूट."

मृणाल, गोळी पोटात लागली तर काय होतं, सांगू? रेडा मरत नाही. दाट झुडपात शिरतो, आपल्याच वाटेवर वळून उभा राहतो आणि वाट बघतो. त्याच्यामागे जावंच लागतं. आणि पहिला कोण जातो? मुसा. त्याला मुली होत्या, त्यातली धाकटी सर्दीने हैराण म्हणून मी टोकियोहून औषध आणलं होतं.

रॉबर्ट पुन्हा म्हणाला, "शूट, मॅडम, शूट!"

मी हात उचलला.

होसाका-सानने शांतपणे बंदूक खाली घेतली. रेडे वळले, गवत हललं, संपलं.

रॉबर्टचा चेहरा मानेइतकाच लाल. जेवणाच्या वेळी झाडाखाली सतरंजी टाकली, मी ओनिगिरी वाढल्या, म्हणजे आत आंबट उमेचं लोणचं भरलेले भाताचे गोळे. होसाका-सान समोरच बसून खात होते. इंग्रजी त्यांना येत नाही, म्हणून रॉबर्ट त्यांच्यासमोरच माझ्यावर घसरला.

"मी काय म्हणालो होतो तुम्हाला?"

"शूट."

"आणि तुम्ही काय सांगितलंत?"

"नको."

"तुमचं काम माझं बोलणं पोचवायचं आहे की शिकार चालवायची?"

"अरे, हात थरथरतोय त्यांचा. उभ्याने नेम राहत नाही. मुसाला झुडपात तू घालणार होतास की मी?"

 मुसाने मान फिरवून माझ्याकडे बघितलं. मग रॉबर्ट म्हणाला, "असं असेल तर सोपं आहे. त्यांनी चालवली की त्याच क्षणी मीही चालवतो. रेडा पडेल. ते शिंगं धरून फोटो काढतील. कितीतरी जणांचं असंच करतो."

"ह्यांना कळेल."

"कळलं तरी बोलणार नाहीत."

"तेच तर म्हणते. बोलणार नाहीत, आणि मरेपर्यंत विसरणार नाहीत."

मग मी डोकं चालवलं. निघायच्या आधी ऑफिसने मला त्यांच्या चिबाच्या डोंगरात ओळखीसाठी पाठवलं होतं, तेव्हा त्यांची डुकराची शिकार मी पाहिली होती. तिथे कोणी जनावराच्या मागे चालत नाही. गटातले काही जण कुत्री घेऊन रान उठवतात आणि बाकीच्यांना एकेक जागा ठरवून दिलेली असते. त्या जागेवर बसायचं. हाक येईपर्यंत उठायचं नाही. होसाका-सान एका घडीच्या छोट्या स्टुलावर, देवदाराला पाठ लावून, गुडघ्यांवर कोपरं टेकवून बसले होते. तासन्‌तास. मी डबे घेऊन गेले तर मला वाटलं, झोपलेत की काय. तेव्हा हात थरथरत नव्हता. आणि इथे कागदावरचा नेमसुद्धा खुर्चीत बसूनच होता!

रॉबर्टला म्हटलं, "हा बसून मारणारा माणूस आहे. ह्यांना बसव."

"रेड्यापुढे जमिनीवर बसायचं? तो अंगावर आला तर पळणार कसे?"

"उभे असले तरी कुठे पळणार आहेत ते? आणि मी?"

मुसा पहिल्यांदा हसला. म्हणाला, "म्हातारे रेडे चिखलात लोळून झालं की ऊन उतरताना एकाच वाटेने चरायला जातात. पाण्यापासून लांब, मोठ्या वारुळापाशी वाट अरुंद होते. मामा बरोबर सांगतेय."

राहिलं होसाका-सानना सांगणं. 'तुमचा हात थरथरतो' हे त्यांना तोंडावर सांगणारा अजून जन्मायचा होता, आणि तो मी नक्कीच नव्हते. मी त्यांना जपानीत म्हटलं, "सकाळी वारा फिरला, म्हणून रॉबर्ट-सानने थांबवलं. आता त्यांची एक विनंती आहे. जपानी शिकारी जागा धरून कसे बसतात, ते त्यांना बघायचंय. दाखवाल का?"

होसाका-सानने ओनिगिरी सावकाश संपवली. भाताचं शेवटचं शीतही बोटाने टिपलं. मग म्हणाले, "रॉबर्ट-सानना बसता येईल का? बसलं की हलायचं नाही. माशी बसली तरी नाही."

"शिकवा त्यांना."

आणि काय सांगू, म्हातारा एकदम बदलला. वारुळापाशी पोचल्यावर जागा त्यांनी निवडली. चिमूटभर माती सोडून वारा बघितला, रॉबर्टने दाखवलेली जागा मान हलवून नाकारली, चार पावलं सरकले, पिशवीतून तेच घडीचं स्टूल काढलं. मला ठाऊकच नव्हतं, की ते आफ्रिकेपर्यंत बरोबर आणलंय. रॉबर्टला हाताने खूण केली, बसा. एवढा मोठा माणूस गुडघे कानाशी घेऊन बसला. त्याने सूं सूं करून नाक ओढलं, तर होसाका-सानने नुसतं बघितलं. पुन्हा ओढलं नाही. मुसा झाडावर. मी वारुळाला टेकून, हात होसाका-सानच्या खांद्यावर. डाव्या पायाला मुंग्या आल्या होत्या. वारुळाच्याही होत्याच.

ऊन पिवळं झालं. मुसाने झाडावरून एक पान खाली सोडलं, ती त्याची खूण. तीन म्हातारे रेडे आले, कळपातून बाहेर पडलेले, अंगावर वाळलेला चिखल. मधल्याची शिंगं झिजून बोथट झालेली. रॉबर्ट कानाशी म्हणाला, "मधला. आडवा होऊ दे."

माझं सगळं लक्ष तळव्यात. खांदा भिंतीसारखा. श्वास जात होता, येत होता, बाकी काही हलत नव्हतं. रेडा आडवा झाला. आमच्याकडे मान वळवली त्याने. रॉबर्ट काही बोलला नाही, माझ्याकडे फक्त बघितलं. या वेळी त्याने माझ्यावर सोडलं होतं.

मी दोनदा दाबलं.

आवाजाने कान बधिर झाले. रेडा धावला, दोघे दुसरीकडे उधळले, धूळ. रॉबर्टची बंदूक उचललेली, पण त्याने चालवली नाही. मग झाडीपलीकडून एक लांब हंबरणं आलं. मरताना रानरेडा तसा आवाज काढतो. तो आवाज मला अजून येतो कधी कधी, इथे बाल्कनीत कपडे वाळत घालतानासुद्धा. तुझं ईऽऽ तिथे लागू आहे, मी नाही म्हणत नाही. मुसाने जाऊन काठीने डोळ्याला स्पर्श करून बघितलं आणि हात वर केला. एकच गोळी. जिथे लागायची तिथे.

होसाका-सान रेड्याशेजारी गुडघ्यांवर बसले, हात जोडले. मीही जोडले. रॉबर्टने टोपी काढली. फोटोचं त्यांना विचारलं तर नको म्हणाले. बंदूक रिकामी करून त्यांनी दोन्ही हातांनी रॉबर्टला दिली. आता हात पुन्हा थरथरत होता आणि ते लपवत नव्हते.

गाडीची वाट बघताना मी त्यांच्याशेजारी बसले होते. त्यांच्या पेल्यात थर्मासमधला चहा ओतला. ते म्हणाले, "नलिनी-सान, सकाळी वारा फिरला नव्हता."

मी थर्मासचं झाकण घट्ट करत राहिले.

"रॉबर्ट-सान 'शूट' म्हणाले. दोनदा. तेवढं इंग्रजी मला कळतं. दुपारचंही थोडं कळलं."

"मग सकाळी चालवली का नाही तुम्ही?"

ते माझ्याकडे जरा नवलाने बघायला लागले, इतकी साधी गोष्ट मला कशी कळत नाही म्हणून. "तुमचा हात उचललेला होता ना."

झालं. एवढंच बोलले. पुढे कित्येक पाहुणे झाले, साहेबांनी वय झाल्यावर ऑफिस बंद केलं, जपानी शिकारीही म्हातारे झाले आणि नवे येईनात. पण माझ्या कामाचं मला कोणी याहून मोठं सर्टिफिकेट दिलेलं नाही. परत आल्यावर त्यांनी परवाना जमा केला आणि ते स्टूल मला पाठवलं. सोबत पर्सिमनची पेटी. तेव्हापासून दर वर्षी पेटी येते, आणि त्यांच्या बागेत डुकरांनी किती नासाडी केली याची तक्रारही. बंदूक नाही, म्हणून आता डबे वाजवतात म्हणे.

तर मृणाल, शिकार बरी की वाईट ते तू ठरव, तुम्ही शिकलेली मुलं आहात. मी माझं काम चोख केलं, एवढं मात्र मी छातीवर हात ठेवून सांगेन.

आणि हे सगळं वाचून नुसता अंगठ्याचा इमोजी पाठवू नकोस. कावासाकी काही टांझानिया नव्हे. या रविवारी ये. परतीच्या गाडीची वेळ बघून येऊ नकोस. होसाका-सानही यायचे आहेत, मुलीकडे आलेत टोकियोत. स्टूल खिडकीपाशी ठेवते त्यांच्यासाठी. चहा तूच दे त्यांना, फक्त पेला अर्धाच भर.